दहापट सुखाचा दावा

पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक तहानलेला माणूस भेटतो. पाण्याचा पहिला पेला त्याला सर्वांत अधिक समाधान देतो. दुसरा त्याहून कमी देतो, तिसरा आणखी कमी, आणि एक वेळ अशी येते की पुढचा पेला समोर केला तर तो नको म्हणून हात आडवा धरतो. याला घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त म्हणतात. फळ्यावर एक उतरती रेषा काढली की तास संपतो. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणून मुले तो पाठही करतात.

या माणसाला गाव नाही, नाव नाही, जात नाही. पाणी कोणत्या विहिरीचे, पेला कोणाचा, आणि तो त्याच्या हातात दिला की वरून ओंजळीत ओतला, याची चौकशी पुस्तक करीत नाही. ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’ एवढ्या चार शब्दांत ते सगळे झाकून टाकले जाते. पण आपल्या देशात ही ‘इतर परिस्थिती’ कायम राहावी यासाठीच तर शतकानुशतके शास्त्रे रचली गेली आणि काठ्या उगारल्या गेल्या. म्हणून या निरुपद्रवी दिसणाऱ्या सिद्धान्ताचा इतिहास आपण आपल्या बाजूने एकदा तपासला पाहिजे. तो तपासताना एक विलक्षण गोष्ट हाती लागते. उपयोगितेच्या या शास्त्राने जेव्हा समतेची साथ सोडली तेव्हा, इंग्लंडमधल्या एका नामांकित नियतकालिकाच्या पानावर, हिंदुस्थानातला एक ब्राह्मण आणि एक अस्पृश्य उभे होते. ब्राह्मण बोलत होता. अस्पृश्य गप्प होता.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका महाविद्यालयात हा विषय शिकवते. माझ्यासमोर बसणारी बरीच मुले घाटकोपरच्या रमाबाई नगरातून, भांडुपच्या डोंगरावरून, मुलुंड-विक्रोळीच्या वस्त्यांतून येतात. कोणी सकाळी दूध टाकून येतो, कोणी संध्याकाळी मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालतो. यांतली पुष्कळ मुले आपल्या घरातली पहिली पदवीधर होणार आहेत, जशी मी झाले. बहात्तरच्या दुष्काळात माझे आजोबा मराठवाड्यातून घाटकोपरला आले. आई मुलुंडच्या इमारतींत धुण्याभांड्याला जात असे. हातात आलेले शंभर रुपये रॉकेल, तांदूळ, डाळ आणि वह्या यांत कसे वाटायचे, हे आईला कोणी शिकवले नव्हते. शेवटचा रुपया कुठे पडला म्हणजे घर अधिक निभेल, याचा हिशेब ती रोज करी. पाठ्यपुस्तक त्यालाच ‘समसीमान्त उपयोगिता’ म्हणते. तेव्हा हा सिद्धान्त गरिबाला परका आहे, असे माझे म्हणणे नाही. गरिबाइतका काटेकोर ‘विवेकशील उपभोक्ता’ दुसरा कोणी नसेल. आपली तक्रार वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायची तर थोडे मागे गेले पाहिजे.

माणसाच्या गरजेवरून वस्तूचे मूल्य ठरते, आणि ते गरजेच्या शेवटच्या टोकाला ठरते, हा विचार जर्मनीतल्या गॉसेनने १८५४ मध्येच मांडला होता. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १८७१ साली इंग्लंडमध्ये जेव्हन्स व ऑस्ट्रियात मेंगर, आणि १८७४ साली स्वित्झर्लंडमध्ये वालरा, यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तो पुन्हा मांडला. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये एक कोडे घातले होते. पाण्यावाचून जगता येत नाही तरी त्याला किंमत जवळजवळ नाही, आणि हिऱ्याचा जगण्याला उपयोग नाही तरी त्याची किंमत मोठी, हे कसे? ते कोडे आता सुटले. पाणी मुबलक, म्हणून त्याच्या शेवटच्या घोटाची उपयोगिता नगण्य. हिरा दुर्मीळ, म्हणून त्याच्या शेवटच्या नगाचीही उपयोगिता मोठी.

या विचारात एक क्रांतिकारक बीज होते. जो नियम पाण्याच्या पेल्याला लागू, तो पैशाला का लागू नसावा? आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात दोन कारकुनांचे उदाहरण दिले आहे. एकाला वर्षाला शंभर पौंड मिळतात, दुसऱ्याला तीनशे. पाऊस पडत असताना गाडीचे भाडे वाचवण्यासाठी शंभर पौंडवाला अधिक मोठ्या पावसातही चालत जाईल, कारण तेच नाणे त्याला अधिक मोलाचे आहे. घाटकोपर स्थानकाबाहेर जुलै महिन्यात रिक्षाच्या रांगेकडे न बघता डोक्यावर पिशवी धरून निघणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मार्शल वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यातून पुढचे पाऊल आपोआप पडते. श्रीमंताच्या हातातला शेवटचा रुपया त्याला फारसे समाधान देत नाही. तोच रुपया उपाशी माणसाच्या हातात गेला तर समाजाचे एकूण समाधान वाढते. केंब्रिजच्या पिगूने १९२० मध्ये कल्याणाचे अर्थशास्त्र या पायावर उभे केले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणाऱ्या ह्यू डाल्टनने त्याच वर्षी उत्पन्नाच्या विषमतेचे मोजमाप याच आधारावर मांडले. त्याचे ‘महत्तम सामाजिक लाभाचे तत्त्व’ आपण आजही सार्वजनिक आयव्ययाच्या प्रकरणात शिकवतो. श्रीमंतांवर चढत्या दराने कर बसवावा आणि तो पैसा गरिबांच्या शाळांवर, दवाखान्यांवर खर्च करावा, या मागणीला शास्त्राचे पाठबळ मिळाले.

मात्र या साऱ्या इमारतीखाली एक दगड होता. एका माणसाचे समाधान दुसऱ्याच्या समाधानाशी तोलता येते, आणि तोलताना दोघांना सारखेच धरायचे, हा तो दगड. माणसाला सुखदुःख सारखेच होते, असे गृहीत धरल्याशिवाय ‘गरिबाचा रुपया मोठा’ हे वाक्य उभेच राहत नाही. युरोपातही हा दगड सर्वांना मान्य नव्हता. एजवर्थने १८८१ च्या आपल्या पुस्तकात सुख भोगण्याची पात्रता वर्गावर्गांत कमी-अधिक असते, पुरुषाची स्त्रीपेक्षा अधिक असते, असा युक्तिवाद गणिताच्या भाषेत केला होता. आणि आपल्याकडे? आपल्याकडे हा दगड कधी बसवलाच गेला नव्हता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्धा सोडून आलेला हा तरुण प्राध्यापक. प्राध्यापकांच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचे भांडे होते. त्यातले पाणी आंबेडकरांनी घेऊ नये, असा आक्षेप काही सहकारी प्राध्यापकांनी घेतला, ही हकीकत त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. वाचकांनी क्षणभर थांबून याचा विचार करावा. उपयोगितेचे शास्त्र ज्याने शिकवायचे, त्या शिक्षकालाच पाण्याचा पहिला पेला नाकारला जात होता. त्याच्याकडे पैसा नव्हता म्हणून नाही; त्या पाण्याला किंमतच नव्हती. पाणी कमी होते म्हणूनही नाही. भांडे भरलेले होते. सीमान्त उपयोगितेच्या कोणत्याही आकृतीत हा नकार दाखवण्याची सोय नाही.

मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांनी ती नोकरी सोडली आणि अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ पर्यंतचा त्यांचा तिथला काळ, कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याच तीन वर्षांत, १९२० ते १९२३, त्याच संस्थेत आणखी एक तरुण पदवीचा अभ्यास करीत होता आणि तोही कॅनन यांची व्याख्याने ऐकत होता. त्याचे नाव लायोनेल रॉबिन्स. या माणसाकडे आपल्याला परत यायचे आहे.

मायदेशी परतल्यावर बाबासाहेबांनी ही दोन्ही सूत्रे, रुपयाचे आणि पाण्याचे, एकाच वर्षी हाती घेतली. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारच्या करपद्धतीवर टीका केली. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या खाली कोणाला भरावा लागत नाही. शेतसारा मात्र पिकले न पिकले तरी, एका एकराच्या धन्यालाही आणि शेकडो एकरांच्या जमीनदारालाही, त्याच दराने भरावा लागतो. यात न्याय कोणता, असा त्यांचा सवाल होता. मार्शलच्या दोन कारकुनांचेच हे तत्त्व. फक्त ते इथे कोकणातल्या आणि देशावरच्या शेतकऱ्याच्या बांधावर आणून ठेवले होते.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतून निघालेला जमाव चवदार तळ्यावर गेला आणि बाबासाहेबांनी तळ्यातले पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजीच मंजूर केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ च्या जानेवारीत केला होता. कागदावर पाणी मोकळे होते. महाड ही बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतले अस्पृश्य तिथे खरेदीला, सरकारी कामाला येत. बाजारात त्यांचा पैसा चाले. तळ्यावर त्यांची तहान चालत नसे. गुरे पाणी पीत होती, परधर्मीय पाणी भरत होते.

पाठ्यपुस्तक पाण्याला ‘विनामूल्य वस्तू’ म्हणते. चवदार तळे सांगते की वस्तूची किंमत शून्य असली तरी काही माणसांसाठी तिचा पुरवठाही शून्य असू शकतो. पाणी पिऊन परतणाऱ्यांची डोकी फोडण्यात आली. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेली १०८ मडकी तळ्यात बुडवून पाणी ‘शुद्ध’ करण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. पाण्याच्या एका घोटासाठी दहा वर्षे! हिऱ्याच्या आणि पाण्याच्या कोड्याचे असे उत्तर जेव्हन्सला सुचले नसते.

आता ‘उपभोक्त्याची निवड’ या प्रकरणाकडे वळू. पुस्तकात ग्राहकापुढे एकच बंधन असते, त्याच्या अंदाजपत्रक रेषेचे. रेषेच्या आत तो स्वतंत्र आहे. आवडेल ते घ्यावे, आवडेल ते सोडावे. बाबासाहेबांच्या १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात या प्रकरणाचे खंडन करणाऱ्या दोन घटना आहेत. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. सवर्णांना तो आपला उपमर्द वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांवर हल्ला केला. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या माणसांना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना बडवले. तूप त्याच्या पैशाचे होते. ते त्याला परवडत होते. परवडले तरी त्याने ते खाऊ नये, कारण तूप हे आमच्या प्रतिष्ठेचे लक्षण आहे, एवढेच मारणाऱ्यांचे म्हणणे होते.

म्हणजे आपल्या समाजात अंदाजपत्रक रेषेच्या आत आणखी एक रेषा होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ती आखलेली आहे. चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, कुत्री आणि गाढवे हेच त्याचे धन. ही एक उपभोगाची यादीच आहे. ग्राहकाने काय घ्यायचे हे बाजाराने ठरवायच्या आधीच धर्माने ठरवून टाकले होते. गावगाड्यात पिढ्यानपिढ्या ज्यांना अंगावरचे उतरलेले कपडे आणि मेलेले ढोर मिळाले, त्यांच्या ‘आवडीनिवडी’चे वक्र काढायला कोणी निघाला तर त्याने आधी ही यादी वाचावी. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच ती जाळली गेली. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने तिला उपभोक्त्याच्या स्वातंत्र्याची घोषणा म्हणायला हरकत नाही.

आता रॉबिन्सकडे येऊ. १९२९ मध्ये तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा प्राध्यापक झाला. १९३२ च्या त्याच्या पुस्तकातली अर्थशास्त्राची व्याख्या, अमर्याद गरजा आणि पर्यायी उपयोगांची मर्यादित साधने, आपण सगळेच पाठ करून आलो आहोत. त्याच पुस्तकात त्याने जाहीर केले की एका माणसाच्या समाधानाची दुसऱ्याच्या समाधानाशी तुलना करणे शास्त्रात बसत नाही. तशी तुलना करणारा शास्त्र सोडून नीतीच्या प्रांतात गेलेला असतो. वर सांगितलेला दगड त्याने काढून घेतला. पिगू-डाल्टनची इमारत डळमळली.

यावर वाद झाला. १९३८ मध्ये हॅरॉडने आक्षेप घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये रॉबिन्सने उत्तर दिले. आपले मत कसे बदलले ते त्याने तिथे प्रांजळपणे सांगितले आहे. सुरुवातीला तोही सर्वांना सारखे धरणाऱ्यांतला होता. पण हेन्री मेनच्या लेखनात कुठेतरी वाचलेली एक हकीकत त्याच्या मनातून जाईना. हिंदुस्थानातला एक अधिकारी एका उच्चवर्णीय ब्राह्मणाला बेंथमचे तत्त्व समजावून देत होता की प्रत्येक माणसाचे सुख एकच धरायचे, कोणाचेही अधिक नाही. ब्राह्मणाने ते साफ नाकारले. तिकडे दिसणाऱ्या त्या अस्पृश्यापेक्षा माझी सुख भोगण्याची क्षमता दहापट आहे, असे त्याचे म्हणणे. रॉबिन्स लिहितो की त्याला त्या ब्राह्मणाबद्दल सहानुभूती नव्हती. परंतु मी माणसांना समान मानतो आणि तो उतरंडीने मानतो, हा आमच्यातला मतभेद कोणत्या प्रयोगाने, कोणत्या पुराव्याने मिटवायचा? असा पुरावा नाही, हे त्याला मान्य करावे लागले.

मेनचे १८७५ चे मूळ पुस्तक उघडले तर मौज दिसते. मेन १८६२ पासून काही वर्षे व्हाइसरॉयच्या मंडळात कायद्याचा सभासद होता. त्याने नोंदवलेला ब्राह्मण वीसपट सुखाचा अधिकार सांगतो, आणि तोही इतर कोणाहीपेक्षा. त्या वाक्यात अस्पृश्य नाहीच. साठेक वर्षांनी रॉबिन्सच्या आठवणीत विसाचे दहा झाले आणि ‘इतर कोणी’ या जागी अस्पृश्य येऊन उभा राहिला. पण तो उभाच राहिला. त्या गोष्टीत अधिकारी बोलतो, ब्राह्मण बोलतो. ज्याच्या सुखाचे माप काढले जात आहे त्याला कोणी काही विचारत नाही.

रॉबिन्सला तो प्रश्न विचारण्यासाठी हिंदुस्थानात यावे लागले नसते. तो अस्पृश्य त्याच्याच संस्थेत, त्याच तीन वर्षांत, त्याच कॅननच्या हाताखाली शिकून गेला होता. आणि ज्या १९३८ साली रॉबिन्सने हे लिहिले, त्याच वर्षाच्या १० जानेवारीला मुंबईत कोकणच्या कुळांचा प्रचंड मोर्चा खोतीच्या विरुद्ध विधिमंडळावर नेणारा माणूस तोच होता. गोष्टीतला गप्प माणूस केव्हाच बोलू लागला होता. ऐकणारे कान लंडनला नव्हते.

रॉबिन्सच्या या भूमिकेचे परिणाम आपल्या पाठ्यपुस्तकात उतरले आहेत. हिक्स आणि ॲलन यांनी १९३४ मध्ये समवृत्ती वक्रांचे विश्लेषण मांडले होते. त्यात समाधान मोजायचे नाही, फक्त क्रम लावायचा, आणि तोही एकाच माणसाच्या मनातला. दोन माणसांमध्ये पूल बांधायचा नाही. पुढे १९३९ मध्ये कॅल्डॉर आणि हिक्स यांनी निकष दिला. एखाद्या बदलाने ज्यांचा फायदा होतो ते नुकसान झालेल्यांची भरपाई करू शकत असतील, तर तो बदल इष्ट. भरपाई ‘करू शकत असतील’, एवढे पुरे. प्रत्यक्ष केलीच पाहिजे असे नाही. ज्यांची घरे धरणाखाली गेली, ज्यांच्या झोपड्या रस्तारुंदीत गेल्या, त्यांना या निकषाचा अर्थ समजावून द्यायला नको. आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सीमान्त उपयोगितेचे प्रकरण संपते आणि समवृत्ती वक्रांचे सुरू होते. मधल्या पानावर काय घडले ते लिहिलेले नसते. विद्यार्थ्याला वाटते, जुनी पद्धत ढोबळ होती, नवी अधिक सुबक आहे. एवढ्या सुबकतेसाठी गरिबाच्या रुपयाचे वजन शास्त्राबाहेर टाकले गेले, हे त्याला कोणी सांगत नाही.

रॉबिन्सला शिव्या देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्याचा तर्क प्रामाणिक होता आणि माझ्या मते बरोबरही होता. माणसे समान आहेत, हे प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाही. पण मग ब्राह्मणाचे दहापटही सिद्ध करता येत नाही. रॉबिन्सनेही व्यवहारात माणसांना समान धरूनच चालावे असे म्हटले. फक्त तो निर्णय शास्त्राचा नाही, शास्त्राबाहेरून आणलेला आहे, एवढाच त्याचा आग्रह होता. तेव्हा खरा प्रश्न उरतो तो असा की हा निर्णय कोण करणार आणि तो कोणावर बंधनकारक असणार?

याचे उत्तर बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात दिले. २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगत जीवनात प्रवेश करणार आहोत, असा त्यांचा इशारा होता. राजकारणात एक माणूस, एक मत आणि एका मताला एक मूल्य हे आपण मान्य करणार. सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र एक माणूस, एक मूल्य हे तत्त्व नाकारीत राहणार. या भाषणाकडे आपण राज्यशास्त्राच्या अंगाने पुष्कळदा पाहिले आहे. अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले तर ते रॉबिन्सच्या गोष्टीतल्या तिसऱ्या माणसाचे उत्तर आहे. ‘एक मूल्य’ हा सिद्धान्त नाही, तो ठराव आहे. तो सिद्ध करायचा नसतो, प्रस्थापित करायचा असतो. महाडला माणसे तळ्यावर गेली ती आपली तहान इतरांच्या तहानेइतकीच असल्याचे कोणाला पटवून द्यायला गेली नव्हती. ती पाणी पिऊन आली. ज्या गोष्टीचा पुरावा शास्त्र देऊ शकत नाही, तिचा पायंडा माणसे पाडू शकतात.

हा पायंडा पुरा पडला आहे काय? आमच्या उपनगरांकडे पाहू. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, एकाच रस्त्याच्या एका बाजूला इमारतीत चोवीस तास नळ आणि दुसऱ्या बाजूला वस्तीत हंड्यांची रांग, हे चित्र कोणाला अपरिचित आहे? वस्तीतला माणूस टँकरला, पाणी विकणाऱ्याला हंड्यामागे जे मोजतो, ते इमारतीतल्या माणसाच्या पाणीपट्टीपेक्षा लिटरमागे कितीतरी अधिक असते. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना महापालिका पाणीच देत नव्हती. पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात दाद मागितली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. हा निकाल मोलाचा आहे. पण कायदेशीर घरात राहणाऱ्याच्या बरोबरीने हक्क सांगता येणार नाही, असेही त्यातच म्हटले आहे. शून्याचे काहीतरी झाले. एक अजून व्हायचे आहे.

करांचेही तसेच. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला. बिस्किटाच्या पुड्यावरचा किंवा साबणाच्या वडीवरचा कर विकत घेणाऱ्याचे उत्पन्न विचारीत नाही. नाक्यावर उभा राहणारा बिगारी आणि त्याला कामावर घेणारा बिल्डर, दोघे त्या वडीवर सारखाच रुपया भरतात. २४ फेब्रुवारी १९२७ चा शेतसाऱ्याचा सवाल इथे जसाच्या तसा विचारता येतो.

म्हणून माझे माझ्या पेशातल्या मित्रांना सांगणे आहे की घटत्या सीमान्त उपयोगितेचा तास उतरत्या रेषेपाशी थांबवू नका. ती रेषा एका माणसाची आहे. दुसऱ्या माणसाची रेषा तिच्याशेजारी काढता येते की नाही, यावर शास्त्रात झगडा झाला आणि त्या झगड्यात आपल्यातल्या एकाला मुका साक्षीदार म्हणून उभे केले गेले, हेही त्याच तासाला सांगा. यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. दहा मिनिटे पुरतात. आणि विद्यार्थ्यांनो, परीक्षेत ‘सिद्धान्ताची गृहीते’ लिहिताना वस्तू एकजिनसी असावी, उपभोग सलग असावा, उपभोक्ता विवेकशील असावा, असे तुम्ही लिहिता. त्याखाली स्वतःसाठी आणखी एक गृहीत लिहून ठेवा: पाणवठा सर्वांना खुला असावा. गुण मिळोत न मिळोत. हे एकच गृहीत असे आहे की जे आपल्या माणसांनी मार खाऊन खरे केले आहे, आणि जे अजून पुरते खरे व्हायचे आहे.